सगळं धनकोंच्या हवाली

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ३३० हे एका वाक्याचं कलम आहे. कंपनीने आपली सगळी मालमत्ता सगळ्या धनकोंच्या, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्या, फायद्यासाठी विश्वस्तांच्या नावे करून दिली, तर ते हस्तांतरण निरर्थक, असं ते सांगतं. वाक्य पुन्हा वाचून पाहा. एखाद्या लाडक्या सावकाराला गुपचूप काही दिलं, अशी तक्रार यात नाही. असेल नसेल ते सगळं, सगळ्यांसाठी, तिऱ्हाइताच्या हातात दिलं, ही तक्रार आहे. बुडत्या धंद्याच्या मालकाला त्याच्या आजोबांनी जो सल्ला दिला असता, 'जे आहे ते पंचांसमोर ठेव आणि ज्याचं त्याला वाटून टाक', तो पाळायला गेलं की कागद रद्दबातल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. म्हणून १९५६ चा कायदा काढला. तिथे कलम ५३२, वाक्य तेच. १९१३ च्या कायद्यातही तेच. आणखी मागे गेलं की इंग्लंडचा १८६२ चा कंपनी कायदा लागतो. दीडशे वर्षं हे वाक्य एका कायद्यातून दुसऱ्यात उतरवलं जातंय आणि ते अजून कशासाठी ठेवलंय, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

कॅलिफोर्नियात मात्र नेमका हाच व्यवहार राजरोस चालतो. त्याला तिथे 'असाइनमेंट फॉर द बेनिफिट ऑफ क्रेडिटर्स' म्हणतात, वकील मंडळी नुसतं एबीसी म्हणतात. आपल्याकडच्या सरकारी मराठीत असाइनमेंटला 'समनुदेशन' असा शब्द आहे, पण तो बाजारात कुणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. मी आपलं 'हवाली करणं' म्हणेन. ज्याच्या हवाली करायचं तो असायनी. हा शब्द आपल्याला तसा परका नाही, मुंबई हायकोर्टात 'ऑफिशियल असायनी' हे पद ब्रिटिशांच्या काळापासून आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या धंद्यांसाठी हा रस्ता आपल्याकडेही उघडला पाहिजे, पण कॅलिफोर्नियासारखा सताड नाही. हे का, ते सांगायला आधी भोसरीत जाऊ.

समजा, भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची) मशीन, एक जुनी लेथ, अकरा कामगार, एका मोठ्या गाडी कंपनीच्या पुरवठादाराचं जॉबवर्क. त्या पुरवठादाराने मॉडेल बदललं आणि काम गेलं. वर्षभर मालकाने तग धरला. आता बँकेचे टर्म लोन आणि कॅश क्रेडिट मिळून ५५ लाख, टूलिंगवाले, मटेरियलवाले, ट्रान्सपोर्टवाले मिळून २२ लाख, कामगारांचे तीन महिन्यांचे पगार आणि पीएफ, शिवाय शेडचं भाडं, एवढं देणं आहे. एकूण ८५ लाखांच्या घरात. मशीन चालू स्थितीत, नीट गिऱ्हाईक शोधून विकली तर ४० लाख येतील. भंगारवाल्याला दिली तर याच्या निम्मेही येणार नाहीत. मालक चोर नाही. त्याला फक्त थांबायचंय.

कायद्याने त्याने जावं कुठे? कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून टाकायची सोय कलम २४८ मध्ये आहे, पण त्यासाठी देणी आधीच फेडलेली हवीत. नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ मध्ये स्वेच्छेने अवसायन, म्हणजे सगळं विकून, देणी वाटून कंपनी बंद करणं, आहे, पण तिथे संचालकांनी 'आम्ही सगळी देणी पूर्ण फेडू शकतो' असं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. म्हणजे ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्यासाठी दोन दारं. ज्याच्याजवळ नाहीत त्याने संहितेच्या कलम १० खाली स्वतः अर्ज करावा, तर थकबाकी किमान एक कोटी हवी. ही मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटीवर नेली. हेतू चांगला होता, कोविडच्या काळात छोट्या उद्योगांना धनकोंनी कंपनी कायद्याच्या ट्रायब्युनलमध्ये (एनसीएलटी) खेचू नये. पण त्याच मर्यादेने छोट्या उद्योगाला स्वतःहून आत जायचं दारही बंद झालं. आमच्या भोसरीकराचं देणं ८५ लाख. तो नादार व्हायलाही पुरेसा मोठा नाही!

आणि त्याचं देणं दीड कोटी असतं तरी काय? कलम १० म्हणजे आधी 'तोडगा', मग जमलं नाही तर अवसायन. जो धंदा वाचवायचाच नाही, त्याच्यासाठीही आधी रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमायचा, धनकोंची समिती बसवायची, निविदा मागवायच्या. कायद्यात बाहेरची मुदत ३३० दिवसांची. प्रत्यक्षात सरासरी त्याच्या बरीच पुढे गेलीय, हे नादारी मंडळाच्या, म्हणजे या कामाच्या सरकारी नियामकाच्या, स्वतःच्या आकड्यांतूनच दिसतं, आणि तोडगा निघालेल्या प्रकरणांपेक्षा अवसायनाकडे गेलेली प्रकरणं जास्त. या सगळ्याचा खर्च कशातून? त्याच तीन मशीनच्या किमतीतून. राहतं कंपनी कायद्याचं कलम २७१: विशेष ठराव करून ट्रायब्युनललाच सांगायचं, बाबा, आमचं समापन कर, म्हणजे कंपनी गुंडाळून दे. २०२० च्या नियमांत छोट्या कंपन्यांसाठी संक्षिप्त पद्धतही दिलीय, पण तीही ऑफिशियल लिक्विडेटरच्या टेबलावरून जाते. एखाद्या पतसंस्थेवर किंवा साखर कारखान्यावर अवसायक बसला की पुढे किती वर्षं जातात, ते महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा मालक तेच करतो जे सगळे करतात. शटर ओढतो.

शटर ओढणं हीसुद्धा एक वाटणीच असते, फक्त तिचे नियम लिहिलेले नसतात. ज्याच्याकडे सहीचा चेक आहे त्याचे पैसे आधी, कारण चेक परत गेला की कलम १३८ आणि फौजदारी. ज्या मेहुण्याने हातउसने दिले त्याचे आधी, कारण दिवाळीला त्याच्याच घरी जायचंय. जो दारात येऊन आरडाओरडा करतो त्याला थोडे. बँक गहाण वस्तू ताब्यात घ्यायच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस काढते आणि मशीन धूळ खात, गंजत, सील होऊन पडतात. लिलाव होईतो कंट्रोलर बोर्ड गेलेले असतात, कधी कधी अख्खी मोटारच गेलेली असते. चाकणचा जो टूलिंगवाला भला माणूस म्हणून गप्प बसला, त्याला शून्य. कामगारांचं काय झालं ते कुणालाच नक्की माहीत नसतं.

या अलिखित वाटणीला कायद्याचा विरोध नाही असं नाही. विरोध आहे, पण तो सिद्ध करायला कुणीतरी कोर्टात जायला हवं, आणि २२ लाखांतले आपले सव्वा लाख मिळवायला कोण जाणार?

आता हेच दुकान कॅलिफोर्नियात असतं तर काय झालं असतं ते पाहू. संचालक ठराव करतात. एका करारावर सही होते आणि यंत्रं, माल, येणी, पेटंट, वेबसाइटचं नाव, बँकेतली शिल्लक, हे सगळं असायनीच्या मालकीचं होतं. मालकीचं म्हणजे उपभोगायला नाही. तो विश्वस्त असतो, विकून वाटायला बांधलेला. ३० दिवसांच्या आत त्याने प्रत्येक ज्ञात धनकोला लेखी कळवायचं: काय झालं, दावा कुठे पाठवायचा, कधीपर्यंत पाठवायचा. दाव्याची मुदत नोटिशीपासून किमान १५० आणि कमाल १८० दिवस. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. गिऱ्हाईक आधीच शोधून ठेवलं असेल तर ज्या दिवशी हवाली केलं त्याच दिवशी विक्रीही होऊ शकते. नाशवंत माल, सोडून जाऊ पाहणारे इंजिनिअर, दर महिन्याला जुनं होणारं सॉफ्टवेअर, अशा वस्तूंची किंमत दिवसागणिक उतरते. तिथे हा वेग म्हणजे रोख पैसा.

२००० सालानंतर डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा सिलिकॉन व्हॅलीत हा मार्ग भलताच चालला. शेरवूड पार्टनर्स नावाची संस्था तर यातच नावारूपाला आली, धंदे गुंडाळून देणं हाच तिचा धंदा. ब्लूटूथ हेडसेट आणि मनगटी पट्टे बनवणारी जॉबोन २०१७ मध्ये याच रस्त्याने गेली. यंत्रमानवाकडून पिझ्झा करून घेणारी झूम २०२३ मध्ये. आणि थेरानोस! रक्ताच्या एका थेंबात डझनावारी चाचण्या करून दाखवतो म्हणणारी. २०१८ मध्ये तिनेही दिवाळखोरीच्या कोर्टात न जाता हाच मार्ग धरला. तिची पेटंट कर्ज देणाऱ्या फोर्ट्रेसकडे गेली आणि विनातारण धनकोंसाठी सुमारे ५० लाख डॉलर उरले.

अशा मेलेल्या कंपन्यांची नावंही मजेशीर होतात. असायनी एक नवी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढतो आणि जुन्या नावापुढे कंसात 'असाइनमेंट फॉर द बेनिफिट ऑफ क्रेडिटर्स' असं लिहितो. आपल्याकडे कैलासवासी लावतात तसं.

थेरानोसचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण या पद्धतीचं खरं दुखणं तिथे दिसतं. असायनी कोण असावा हे बुडणारी कंपनीच ठरवते. त्याची फीही तिच्याशीच ठरते. अमेरिकेतल्या चॅप्टर ७ च्या दिवाळखोरीत ट्रस्टी सरकारी यंत्रणेने नेमलेला असतो आणि संचालकांना समोर बसवून शपथेवर प्रश्न विचारता येतात. एबीसीत तसं आपोआप काही होत नाही. थेरानोसच्या संस्थापिकेवर फौजदारी खटला वेगळा चालला म्हणून निभावलं. ज्या छोट्या कंपनीत कुणाला खटला भरण्याइतका रस नाही तिथे संचालकाने शेवटच्या सहा महिन्यांत काय काय हलवलं, हे असायनीने खणून काढलं तर काढलं.

आणि खणून काढलं तरी परत मिळवता येईल याची खात्री नाही. धंदा बुडायच्या आधी एकाच धनकोला झुकतं माप दिलं असेल तर ते वसूल करायचा अधिकार कॅलिफोर्नियाच्या कायद्याने असायनीला दिला होता. २००५ मध्ये शेरवूड पार्टनर्स विरुद्ध लायकोस या प्रकरणात नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की हा अधिकार फेडरल दिवाळखोरी कायद्याच्या क्षेत्रात घुसखोरी करतो, चालणार नाही. पुढच्याच वर्षी राज्याच्या अपील कोर्टाने उलटं सांगितलं. म्हणजे एकाच राज्यात, कुठल्या कोर्टात गेलात त्यावर उत्तर बदलतं.

बाकीच्या मर्यादाही लहान नाहीत. हवाली केल्याने वसुलीचे दावे आपोआप थांबत नाहीत. ज्याच्याकडे तारण आहे त्याच्या संमतीशिवाय तारणातली वस्तू बोजामुक्त करून विकता येत नाही. उरलेल्या देण्यातून कंपनीला माफी मिळत नाही. आणि धनकोंना हा सगळा प्रकारच संशयास्पद वाटला, तर सहसा तिघं मिळून कंपनीला दिवाळखोरीच्या फेडरल कोर्टात ओढू शकतात. ही शेवटची मर्यादा मला मर्यादा वाटतच नाही. तोच तर या पद्धतीचा लगाम आहे. असायनीने वाकडं पाऊल टाकलं तर पलीकडे मोठं कोर्ट उभं आहे.

मग १८६२ च्या इंग्रजांना हे का नको होतं? त्यांना वेड लागलं नव्हतं. त्या शतकात हवाली करणं हा बऱ्याचदा नातलगांना वाचवायचा मार्ग होता. अमेरिकेत फेडरल दिवाळखोरी कायदा येत होता आणि जात होता. १८०० चा १८०३ मध्ये रद्द, १८४१ चा दोन वर्षांत, १८६७ चा १८७८ मध्ये. मधल्या रिकाम्या वर्षांत राज्यांच्या कायद्याखाली हवाली करणं हाच व्यापाऱ्यांचा मुख्य आधार होता, आणि अनेक राज्यांत त्या कागदात 'आधी याचे द्या, मग त्याचे' असं लिहायला मुभा होती. आधी कोणाचे, तर सासऱ्याचे. असायनी कोण, तर भागीदाराचा मित्र. लांबच्या शहरातल्या व्यापाऱ्याला बातमी कळायची तोवर कोठार रिकामं. १८९८ मध्ये अमेरिकेने टिकाऊ कायदा केला तेव्हा सर्वसाधारण असाइनमेंट हेच 'दिवाळखोरीचं कृत्य' ठरवलं. म्हणजे तसं केलंत की धनकोंना तुम्हाला कोर्टात न्यायचं कारण मिळालं. इंग्लंडच्या १८८३ च्या कायद्यातही तेच होतं आणि तिथून ते आपल्या १९०९ च्या आणि १९२० च्या कायद्यांत आलं.

आपल्या जुन्या बाजारपेठांत म्हणे दिवाळं निघालेला पेढीवाला भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा, त्यावरून 'दिवाळं' हा शब्द आला असं सांगतात. व्युत्पत्ती खरी की खोटी ते भाषापंडितांनी पाहावं. पण त्या दिव्याचं काम आणि कॅलिफोर्नियातल्या ३० दिवसांच्या नोटिशीचं काम एकच: सगळ्यांना एकाच वेळी कळलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या असाइनमेंटमध्ये नेमका हा दिवा नव्हता, म्हणून कायद्याने ती मोडीत काढली. मला तो निर्णय त्या काळापुरता पटतो.

पण एक गोष्ट आपण विसरलो. खाजगी कागदावर बंदी घातली तेव्हा कायद्याने दुसरं दार उघडं ठेवलं होतं. १९५६ च्या कायद्यात कलम ४९९ ते ५०९ मध्ये 'धनकोंचं स्वेच्छा समापन' अशी सोय होती. देणी फेडता न येणारी कंपनी स्वतः ठराव करायची, धनकोंची सभा बोलवायची, सभेत सगळा जमाखर्च मांडायचा, आणि लिक्विडेटर नेमण्यात धनकोंचा शब्द वरचढ असायचा. कोर्ट असायचं, पण मागे. ही सोय वेगवान होती असा दावा मी करणार नाही. शेवटची मोहोर हायकोर्टाचीच लागायची. तरी दार होतं. हे दार असताना 'खाजगी विश्वस्तपत्र करू नका, या दाराने या' असं म्हणण्यात अर्थ होता.

२०१६ मध्ये नादारी संहिता आली तेव्हा स्वेच्छा समापनाचं सगळं प्रकरण कंपनी कायद्यातून वगळलं आणि त्याच्या जागी कलम ५९ आलं, फक्त फेडू शकणाऱ्यांसाठी. धनकोंचं स्वेच्छा समापन गेलं, आणि कलम ३३० मात्र जागच्या जागी राहिलं. दार काढून नेलं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी पाटी तशीच सोडली. कुणी वकील म्हणेल की ३३० समापनाच्या प्रकरणात आहे, तेव्हा समापन सुरू झालं तरच ते लागू. असेलही. पण ज्या कागदावर अशी सावली आहे त्या कागदावरून तीन मशीन कोण विकत घेईल? घेणाऱ्याची बँक तरी त्यासाठी कर्ज देईल का?

सरकारने मधे काहीच केलं नाही असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये वटहुकूम काढून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी 'प्री-पॅक' आणलं. किमान थकबाकी १० लाख, मुदत १२० दिवस, मालक खुर्चीवरच राहणार. कागदावर उत्तम. आलेली प्रकरणं मात्र फारच थोडी. कारण उघड आहे: ते वाचवायचं औषध आहे. त्याला आधी ६६ टक्के वित्तीय धनकोंची, म्हणजे व्यवहारात बँकेची संमती लागते आणि मग तोडग्याचा आराखडा. भोसरीकराला वाचायचं नाहीये. त्याला नीट मरायचंय. आपल्या धोरणात उद्योग सुरू करण्याची भाषा उदंड, वाचवण्याचीही बरी, पण गुंडाळण्याचा विषय निघाला की सगळे अशुभ बोलल्यासारखे गप्प होतात.

मला हवी असलेली सोय साधारण फ्लोरिडासारखी आहे. तिथे हवाली केल्यावर असायनीने दहा दिवसांत कोर्टात अर्ज नोंदवायचा, हमीपत्र द्यायचं आणि धनकोंनी १२० दिवसांत दावे करायचे. तारणवाला सोडला तर बाकी कुणाला असायनीच्या ताब्यातल्या मालावर जप्ती आणता येत नाही. डेलावेअरमध्येही चॅन्सरी कोर्टात मालाची यादी आणि मूल्यांकन दाखल करावं लागतं. कोर्ट रोज काम चालवत नाही, फक्त नजर ठेवतं. आपल्याकडे यासाठी नवं खातं उभारायची गरज नाही. नादारी मंडळाकडे नोंदणी केलेले इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल राज्यभर आहेत, त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणारी यंत्रणाही आहे. त्यांच्यातूनच असायनी घ्यायचा, पण नाव कंपनीने सुचवायचं नाही, यादीतून पाळीने यायचं. १८६२ चा मुख्य आक्षेप इथेच निम्मा संपतो. देण्याची कमाल मर्यादा ठेवा, म्हणजे मोठे मासे या दाराने निसटणार नाहीत. नोटीस सरकारी संकेतस्थळावर, एका ठिकाणी, कुणालाही पाहता येईल अशी. आधीच्या दोन वर्षांत नातलगांना काय काय दिलं त्याची यादी कंपनीने सहीनिशी द्यायची आणि ती खोटी निघाली तर फौजदारी. सगळं मिळून दहा-बारा कलमांचं प्रकरण होईल, आणि ३३० च्या शेवटी 'या प्रकरणाखालचं हस्तांतरण वगळून' एवढी पुस्ती.

आक्षेप येतीलच. कामगारांचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. संहितेच्या कलम ५३ मध्ये २४ महिन्यांच्या कामगार देण्यांना तारणवाल्या धनकोच्या बरोबरीचं स्थान आहे आणि पीएफ, ग्रॅच्युइटीची रक्कम तर वाटणीच्या बाहेर ठेवलीय. हवालीच्या नव्या प्रकरणात हाच क्रम जसाच्या तसा उचलला पाहिजे. एका अक्षराचीही सूट दिली तर ही सोय कामगारांना टांग मारायचं साधन होईल आणि मग मी तिच्या विरोधात लिहीन.

बँकेचा प्रश्न वेगळा आहे. बँकेच्या संमतीशिवाय हे होणार नाही, कारण मशीन तिच्याकडे गहाण. मॅनेजरला आकडेमोड कळते: चालू मशीनचे ४० लाख आज की सील केलेल्या मशीनचे १५ लाख दोन वर्षांनी. तरीही तो सही करायला कचरतो, कारण सरकारी बँकेत कमी पैशांवर सही करणाऱ्याची चौकशी होते, काहीच न करणाऱ्याची होत नाही. इथे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहून द्यावं लागेल की या प्रकरणाखाली, ठरल्या पद्धतीने मूल्यांकन करून दिलेली संमती ही गैरव्यवहाराची खूण मानली जाणार नाही. तेवढं झालं नाही तर कलमं लिहूनही काही होणार नाही.

आणि पर्सनल गॅरंटी. इथे मी वाचकाला खोटी आशा दाखवणार नाही. भोसरीकराने बँकेला स्वतःची हमी दिलीय, बहुधा घरही लावलंय. कंपनीचं सगळं हवाली केलं तरी त्याची हमी राहतेच. अमेरिकेतही तसंच आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहनराज प्रकरणात सांगितलं की संहितेतली स्थगिती लागली की चेकची फौजदारी कंपनीविरुद्ध थांबते, सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध नाही. ट्रायब्युनलमध्ये जाऊन जे मिळत नाही ते ट्रायब्युनलबाहेर मिळेल असं मानायचं कारण नाही. फरक एवढाच की ५५ लाखांच्या हमीतून ४० वजा होतील की १५, हे मशीन कशी विकली यावर ठरतं. घर राहणार की जाणार, तेही बऱ्याचदा याच फरकावर.

पुरवठादारांच्या हाती फार काही पडेल असंही मी म्हणत नाही. बँकेचं तारण सगळ्यावर असेल तर चाकणच्या टूलिंगवाल्याला तिथेही शून्यच मिळू शकतं. पण त्याला एक पत्र येईल. काय होतं, काय विकलं, कितीला, कुणाला गेलं, त्याला का नाही मिळालं. आज त्याला फोन लावला की 'स्विच्ड ऑफ' ऐकू येतं. पत्राची किंमत कमी लेखू नका. मेहुण्याचे पैसे आधी गेले नाहीत, हे कागदावर दिसलं तर तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा ६० दिवसांची उधारी देईल.

हे सगळं कंपन्यांपुरतं झालं, आणि आपल्याकडचे बहुतेक छोटे धंदे कंपन्या नाहीतच. प्रोप्रायटरी आहेत, भागीदारी आहेत. त्यांच्यासाठी संहितेचा तिसरा भाग लिहून तयार आहे, पण डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू केलाय. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा कायदा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. त्यात अर्जासाठी किमान देणं ५०० रुपये आहे. १९२० साली ती मोठी रक्कम असेल.

या १९२० च्या कायद्याचं कलम ६ एकदा वाचून पाहावं. नादारीची कृत्यं कोणती, त्याची यादी आहे. ही कृत्यं म्हणजे गुन्हे नाहीत, हे खरं. त्यांतलं काही केलंत तर धनको तीन महिन्यांच्या आत तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो, एवढाच अर्थ. यादीतलं पहिलंच कृत्य: आपली सगळी मालमत्ता सर्व धनकोंच्या फायद्यासाठी तिऱ्हाइताच्या हवाली करणं. त्याच्या खाली: धनकोंना बुडवायच्या इराद्याने मालमत्ता हलवणं. त्याच्या खाली: एखाद्यालाच झुकतं माप देणं. मग घर सोडून जाणं, धनकोंना गाठता येऊ नये म्हणून तोंड लपवणं. आणखी खाली: 'मी आता देणी थांबवतोय' असं धनकोला कळवणं. इचलकरंजीतल्या ज्या मागवाल्याने दिवसाढवळ्या आपले माग सगळ्यांच्या हवाली केले आणि ज्याने रात्री टेम्पोत भरून नेले, ते दोघं या यादीत शेजारी शेजारी बसलेत. पहिल्याचा पत्ता तेवढा सगळ्यांना ठाऊक असतो.